ब्लूटूथ नुसतं चालू असलं तरी फोनात घुसता येते म्हणे, पेअर न करता? बाबाचा जुना फोन हाये

कपाशीवाला_आर्णी:

राम राम मंडळी. पयलेच सांगून ठेवतो, मी कॉम्प्युटर शिकलेला माणूस नाई. आर्णी तालुक्यात गाव हाये, बस स्टॉपच्या बाजूले माझं ऑनलाइन फॉर्मचं दुकान हाये, सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, झेरॉक्स, जे येईन थे.

गोष्ट अशी झाली का दिवाळीत भाचा आलता, यवतमाळले इंजिनिअरिंगले हाये तो. आमच्या बाबाले सवय हाये, ट्रॅक्टरच्या मडगार्डले दुपट्ट्यानं एक ब्लूटूथचा स्पीकर बांधून ठेवला, फोन खिशात, आन दिवसभर भजनं चालू. भाच्यानं फोन पाह्यला, अँड्रॉइड 8.1, अन तिथंच बोंबलला, आबाजी हे ब्लूटूथ बंद करा, हा फोन कोणीही बाजूले उभा राहून हॅक करन, तुम्ही हो नाई काहीच नाई म्हटलं तरी. बाबा म्हणते अरे बाबू मी तर कोणाले पेअर करूच देत नाई, नंबर मागते तवा मी नाई दाबतो. भाचा म्हणते पेअरचा संबंधच नाई. मग दोघांचं जमलं भांडण, जेवण थंड झालं, तो दुसऱ्या दिवशी निघून गेला आन मले अर्धवट डोक्यात ठेवून गेला.

त्याच बाबाच्या फोनात बँकेचं अॅप हाये, कापसाचे पैसे त्याच खात्यात येते, म्हून जीव खालीवर होऊन राहिला. तर मले हे इचारायचं हाये का पेअर न करता खरंच घुसता येते का, आन येत असन तर कसं येते, म्हणजे माणसानं काही दाबलंच नाई तर दार उघडते कसं? दुसरं, दुकानात एक जुना लॅपटॉप हाये, त्याच भाच्यानं त्यात उबंटू 18.04 (विंडोजच्या जागी चालते थे) टाकून देल्लं होतं, त्याच्यावर पोट्टे फॉर्म भरते. टाकल्यापासून अपडेट एकदाही केलं नाई कारण नेट डोंगलवर चालते आन दीड जीबीत दिवस काढा लागते. त्याच्या वायफायचंही असंच काही असते का? साध्या भाषेत सांगा रे कोणी.

संत्रेवाला_वरुड:

काही नाई भाऊ, टेन्शन घेऊ नका. व्हॉट्सअॅपवर असे मेसेज दर सहा महिन्यानं फिरते. ब्लूटूथले पिन लागते, समोरच्यानं हो म्हणा लागते, त्याशिवाय काहीच होत नाई. दहा वर्षापासून माझ्या गाडीत ब्लूटूथ चोवीस तास चालू हाये, काय झालं? पोट्टे कॉलेजात गेले का दोन शब्द शिकून येते आन म्हाताऱ्याईले भेव दाखवते.

किडा_सेलू:

संत्रेवाले भाऊ, रागावू नका पण ह्या वेळी पोट्टा बरोबर हाये. मी पुण्यात फर्मवेअरचं काम करतो, सध्या सेलूले घरी आलो आहे, तूर पाहाले (म्हणजे तूर पाहून राहिलो अन लाइन गेली की हे टाइप करून राहिलो).

भाचा ज्याच्याबद्दल बोलत असेल ती खराबी बहुतेक ब्लूफ्रॅग. तिचा नंबर सीव्हीई-2020-0022 (सीव्हीई म्हणजे जगभर अशा खराब्यांना देतात तो नंबर). जर्मनीतल्या ईआरएनडब्ल्यू नावाच्या कंपनीच्या माणसांनी नोव्हेंबर 2019 मध्ये गूगलला कळवली अन फेब्रुवारी 2020 च्या पॅचमध्ये दुरुस्ती आली. अँड्रॉइड 8 आणि 9 वर ब्लूटूथ चालू असला अन जवळच्या माणसाला त्या फोनचा ब्लूटूथ पत्ता (त्याचा स्वतःचा नंबर) माहीत असला की बस, फोनच्या मालकानं काहीही दाबायची गरज नाही, समोरचा आपला प्रोग्राम त्या फोनच्या ब्लूटूथच्या भागात चालवू शकत होता. अँड्रॉइड 10 वर हीच गोष्ट केली तर ब्लूटूथ नुसता कोसळून बंद पडायचा, ताबा मिळत नव्हता.

आता पेअरिंगचं. पेअरिंग म्हणजे माणसाले घरात घेणं. पण घरात घ्यायचं का नाही हे ठरवायच्या आधी कोणीतरी फाटकाशी जाऊन "कोण आहे बापा" असं विचारते ना, अन समोरचा काय बोलला ते ऐकून घेते? खराबी त्या ऐकणाऱ्यात आहे. हवेतून जे पॅकेट येते ते आधी फोनला वाचा लागते, मोजा लागते, तुकडे असले तर जोडा लागते, त्याच्यानंतर मग "हा ओळखीचा आहे का" हा प्रश्न येते. म्हणून तुमच्या बाबानं "नाही" दाबेपर्यंत वाचायचं काम कधीच होऊन गेलेलं असते. त्यांचं दाबणं खरं आहे पण ते दुसऱ्या दारावरचं आहे.

आता कसं ते. तुम्ही जिनिंगले कापूस नेता, धरमकाट्यावर आधी भरल्या गाडीचं वजन होते, कापूस खाली करून आले की खाली गाडीचं, अन पहिल्यातून दुसरं वजा केलं की कापूस निघते. ब्लूटूथच्या पॅकेटचंही तसंच आहे, पॅकेटच्या समोर एक छोटं डोकं असते, ते झालं गाडीचं वजन, इथे ते 4 बाइट, अन मागे खरा माल. मोठं पॅकेट असलं तर ते तुकड्यात येते अन फोन ते जोडून एक करते. ब्लूफ्रॅगमध्ये काय झालं, शेवटचा तुकडा सांगितल्यापेक्षा मोठा आला तर तो कापून घ्यायचा म्हणून एका ओळीत लिहिलं होतं की आता फक्त उरलेला माल मोजा. म्हणजे गाडीचं वजन तिथंच वजा झालं. पण खालच्या ओळीतल्या कोडनं त्यातून परत गाडीचं वजन वजा केलं. दोनदा. उरलेला माल 2 बाइट असला तर 2 वजा 4, म्हणजे उणे 2.

आता काट्यावर उणे दोन क्विंटल कापूस दिसला तर काट्यावरचा मुनीमही हसेल ना, म्हणेल गाडी उलटी लावली का बे. पण सी भाषेतलं कॉपी करणारं जे फंक्शन आहे, मेमकॉपी, त्याले उणे हा प्रकारच माहीत नाही. त्याच्या काट्यावर उण्याचं चिन्हच नाही. 64 बिटच्या फोनमध्ये उणे 2 हा आकडा त्याले 18446744073709551614 असा दिसते. अन ते म्हणते ठीक आहे, एवढे बाइट कॉपी करतो. म्हणजे दोन बाइटच्या जागेत अख्ख्या जगाचा कापूस ओतायला निघाले.

साधारणपणे असं झालं की प्रोग्राम जागीच कोसळते अन तेच बरं असते. पण 64 बिटच्या एआरएम (प्रोसेसरचा एक प्रकार) फोनमध्ये ते फंक्शन ज्या पद्धतीनं लिहिलेलं होतं त्यात असा उणा आकडा आला की ते कोसळायच्या ऐवजी थोडेसे बाइट इकडेतिकडे लिहून गुपचूप परत येत होतं. बाजूच्या ओट्यावर दुसऱ्याची तूर पडली आहे, कोणाच्या हिशोबाची वही पडली आहे, त्याच्यावर आपले चार गठ्ठे जाऊन पडले. समोरचा हुशार असला तर त्याले माहीत असते की वही नेमकी कुठं असते, अन तो त्या वहीत आपल्या मनानं लिहून घेते. झालं. ह्यालाच मेमरीची खराबी म्हणतात, मोठं काही नाही, माल एका जागी टाकायचा होता तो दुसऱ्याच्या जागी गेला.

बँकेचं म्हणाल तर, ब्लूटूथच्या भागात घुसला म्हणजे लगेच बँकेचा पिन हातात आला असं नाही. अँड्रॉइडमध्ये ब्लूटूथची प्रोसेस वेगळी असते, बँकेचं अॅप वेगळ्या कोठ्यात असते. पण ब्लूटूथला फोनबुक दिसते, आवाज दिसते, अन एक भिंत ओलांडली की दुसरी ओलांडायला जागा मिळते. म्हणून भाचा बोंबलला ते बरोबर, फक्त बँक उद्या सकाऊन रिकामी होईल असं नाही.

संत्रेवाला_वरुड:

बर. पण मग माह्या गाडीत दहा वर्षात काऊन नाई झालं?

किडा_सेलू:

कारण कोणी केलं नाही म्हणून, भाऊ. हे करायला माणूस दहा-पंधरा मीटरच्या आत उभा असा लागते, त्याच्याजवळ तयार हत्यार लागते अन तुमच्या गाडीत घुसून त्याले काय मिळणार, गाणे? कुलूप खराब आहे अन चोर आला नाही ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

लाइनमनकाका:

मी टेलिफोन खात्यात लाइनमन होतो, आता रिटायर हावो. सेलूच्या पोरानं सांगतलं थे मले बरोबर समजलं, कारण आमच्या काळच्या एक्स्चेंजात बी असंच होतं. घंटी वाजाले वळख लागत नाई. कोण फोन करून राहिला हे मालूम पडाच्या आधी घंटी वाजते, करंट सुटते, रिले उचलल्या जाते. पावसाळ्यात तारीवर तार पडली का कोणी फोन न करता बी घंटी वाजे, अन बाई उठून फोन उचले, अन म्हणे कोनीच नाई.

पण मले एक सांग बाबू, उणे दोन आलं तर थांब, एवढं लिहाले काय जाते? एवढे मोठाले इंजिनिअर, एक ओळ लिवता येत नाई?

किडा_सेलू:

काका, हा प्रश्न आमच्या ऑफिसात बी रोज निघते. एक ओळच असते, पण ती ओळ लाखो ओळीत नेमकी कुठं राहिली हे शोधा लागते. सी भाषा 1970 च्या आसपासची, बेल लॅबमधली, तिच्यात "तपासून पाहा" हे सगळं माणसाच्या भरवशावर सोडलेलं आहे. माणूस चुकते, संध्याकाळी सहा वाजता तर जास्तच चुकते. म्हणून आता रस्ट नावाची भाषा घ्यायला लागले, तिच्यात असं दुसऱ्याच्या ओट्यावर माल टाकायचं म्हटलं तर ती बहुतेक वेळा आधीच अडवते, नाहीतर चालता चालता प्रोग्राम थांबवते पण लिहू देत नाही. गूगलनं स्वतः सांगितलं आहे की अँड्रॉइडच्या खराब्यांमध्ये मेमरीवाल्यांचा वाटा 2019 मध्ये 76 टक्के होता तो 2022 मध्ये 35 टक्क्यावर आला, अन तोही जुनं सगळं न फेकता, फक्त नवीन कोड अशा भाषेत लिहून. लिनक्स म्हणजे तुमच्या उबंटूच्या खालची सिस्टम, तिच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) 6.1 पासून, म्हणजे डिसेंबर 2022 पासून, रस्ट घ्यायला सुरुवात झाली. पण कपाशीवाल्या भाऊच्या बाबाच्या फोनात जे बसलेलं आहे ते जुनंच आहे ना.

चांदूरची_पोट्टी:

मी चांदूर रेल्वेजवळची, अमरावतीला कॉम्प्युटर सायन्सला आहे, लास्ट इयर. लॅपटॉपचं कोणीच बोललं नाही म्हणून मी लिहिते.

दादा, तुमचा वायफायचा प्रश्न एकदम बरोबर आहे, वायफाय तर ब्लूटूथपेक्षा जास्त बडबड्या लोकांचं ऐकतो. प्रत्येक राउटर सेकंदाला जवळपास दहा वेळा ओरडत असतो, मी इथे आहे, माझं नाव हे, माझा स्पीड हा. ह्याला बीकन म्हणतात. तुमचा लॅपटॉप कोणत्याही नेटवर्कला जोडलेला नसला तरी तो आजूबाजूचे सगळे बीकन वाचत बसतो, नाहीतर तुम्हाला वायफायची यादी दिसलीच नसती. ती यादी दिसते म्हणजे वाचणं चालू आहे. अन वाचणं चालू आहे म्हणजे वाचणाऱ्या कोडमध्ये चूक असली तर पासवर्ड बिसवर्ड काही मध्ये येत नाही.

2022 च्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीतल्या डार्मस्टाट विद्यापीठाच्या सोन्के हुस्टर यांनी लिनक्सच्या वायफाय कोडमध्ये अशाच खराब्या काढल्या, नुसत्या बनावट बीकननं कर्नल पडायचा किंवा त्याच्या पुढचंही व्हायचं, त्याला पाच सीव्हीई नंबर मिळाले. गंमत म्हणजे त्या तुमच्या लॅपटॉपला लागू नाहीत! कारण तो चुकीचा कोड कर्नल 5.1 अन त्याच्यानंतर आला, अन उबंटू 18.04 मध्ये मुळात 4.15 आहे. म्हणजे म्हातारा असल्यामुळे वाचला.

पण खुश होऊ नका, एक त्याच्यापेक्षा जुनी आहे. तुम्ही टर्मिनल उघडून एलएसपीसीआय ही कमांड टाका (मशीनमधले भाग दाखवते) अन वायफायच्या ओळीत रिअलटेक ह्या चिपच्या कंपनीचं नाव दिसते का ते सांगा. दिसलं तर 2019 ची एक खराबी आहे, सीव्हीई-2019-17666, निको वाइझमन नावाच्या गिटहबच्या इंजिनिअरनं काढलेली. ती मी कॉलेजच्या सेमिनारला घेतली होती म्हणून मला तोंडपाठ आहे. वायफाय डायरेक्ट म्हणून एक प्रकार असतो, फोन ते फोन थेट, त्यात एक फोन दुसऱ्याला सांगू शकतो की "मी आता थोडा वेळ झोपतो, अमुक वेळेला उठतो". ह्या झोपेच्या चिठ्ठीत किती नोंदी आहेत तो आकडा रिअलटेकच्या ड्रायव्हरनं (चिप चालवणाऱ्या कोडनं) असा काढला होता, चिठ्ठीची लांबी घ्या, त्यातून 2 वजा करा अन 13 नं भागा, कारण एक नोंद 13 बाइटची. अन त्या नोंदी ठेवायला जागा किती? दोन. फक्त दोन नोंदींची. अन लांबी कोण सांगतं? समोरचा. त्याने लांबी मोठी सांगितली की ड्रायव्हर आनंदानं तिसरी, चौथी, पाचवी नोंद लिहीत सुटतो, त्याच्या पुढं मेमरीत काय आहे ते न पाहता. कर्नलच्या आत.

दुरुस्ती काय होती माहितेय? नोंदी दोनपेक्षा जास्त असल्या तर दोनच धरा. बस. दोन ओळी, अन तो कोड दोन ठिकाणी कॉपी केलेला होता म्हणून दोनदा. सेमिनारमध्ये सर म्हणे एवढंच? मी म्हटलं हो सर एवढंच, अन मार्क कापले म्हणे कंटेंट कमी आहे 😑

ह्याने पूर्ण ताबा घेऊन दाखवलेला मी कुठे पाहिला नाही, पण मशीन पाडता येतं हे नक्की.

अन आयफोनवाल्यांनी वर येऊन हसू नये म्हणून सांगते, गूगलच्या प्रोजेक्ट झीरो ह्या खराब्या शोधणाऱ्या टीमच्या इअन बीअर यांनी 2020 मध्ये घरात बसून एकट्यानं सहा महिने लावून हेच आयफोनवर करून दाखवलं. एअरड्रॉप ज्या वायफायवर चालतं त्या एडब्ल्यूडीएलच्या कोडमध्ये एक बफर ओव्हरफ्लो (जागेपेक्षा जास्त माल ओतणं), अन दुसऱ्या खोलीत ठेवलेल्या आयफोनमधले फोटो बाहेर काढले, फोनला हातही न लावता. सामान काय तर एक रास्पबेरी पाय (छोटासा कॉम्प्युटर) अन वायफायचे अडॅप्टर. अॅपलनं ते मे 2020 च्या आधीच दुरुस्त केलं होतं, लेख डिसेंबरमध्ये आला.

घाटंजीचा_मास्तर:

सगळं वाचलं, ज्ञान मिळालं, पण कपाशीवाले भाऊ तुमच्या बाबाच्या खात्याची खरी भीती कुठं आहे ते मी सांगतो. आमच्या शेजारी एकाच्या खात्यातून पैसे गेले मागच्या वर्षी, तो घरोघरी सांगत फिरला की बाजारात ब्लूटूथ चालू होतं म्हणून गेले. मी फोन हातात घेतला, पाहतो तर व्हॉट्सअॅपवर लग्नाची पत्रिका आलेली, नाव "लग्नपत्रिका" अन शेवटी डॉट एपीके, म्हणजे पत्रिका नाही, अॅपची फाइल. त्यानं ती उघडली, फोननं विचारलं इन्स्टॉल करू का, हो, एसएमएस वाचू देऊ का, हो. त्यानंतर सगळे ओटीपी परभारे. ब्लूटूथचा काही संबंध नाही. पत्रिका फोटोत येते, पीडीएफमध्ये येते, इन्स्टॉल कराव लागत नाही. पैसे गेले की लगेच 1930 ला फोन लावा, पहिल्या तासात लावला तर बरं, तो चार दिवस देवाला नवस करत बसला.

किडा_सेलू:

मास्तर शंभर टक्के बरोबर. चोर सोपा रस्ता असताना अवघड रस्त्यानं येत नाही. ब्लूटूथवाला हल्ला म्हणजे गोफणगुंडा घेऊन बाजारात उभं राहणं, अन एपीके म्हणजे एका दिवसात लाखभर लोकांना चिठ्ठी. तरी फोन पाहून घ्या भाऊ. सेटिंगमध्ये अबाउट फोन, त्यातच, नाहीतर काही फोनमध्ये अँड्रॉइड व्हर्जनवर दाबलं की, सिक्युरिटी पॅचची तारीख दिसते. 1 फेब्रुवारी 2020 किंवा त्याच्या पुढची असली तर ब्लूफ्रॅग झाकलेला आहे.

आधीची असली तर सिस्टम अपडेट दाबून पाहा, पण एवढ्या जुन्या फोनला येणार नाही, त्या काळच्या फोनसाठी कंपन्या दोन-तीन वर्षात हात वर करत होत्या. मग काम नसताना ब्लूटूथ बंद. अन दिसणं बंद करून भागत नाही बरं का, लोकांना वाटते फोन यादीत दिसला नाही म्हणजे झालं. पत्ता माहीत असला तर न दिसता बी बोलता येते, अन काही फोनमध्ये ब्लूटूथचा पत्ता वायफायच्या पत्त्याच्या एकानं पुढंमागं असते, म्हणजे एक दिसला की दुसरा कळला.

लाइनमनकाका:

जसं घराचा नंबर 14 मालूम असला तर 15 कोनाचा हे इचारा लागत नाई.

किडा_सेलू:

काका 😄 बरोबर तेच.

कपाशीवाला_आर्णी:

मंडळी मनापासून आभार, एवढं कोणी समजावून सांगतलं नव्हतं. धरमकाट्याचं तर बाबाले वाचून दाखवलं, त्याईले एका फटक्यात समजलं, म्हणते दोनदा गाडीचं वजन कापते तो जिनिंगवाला मले बी भेटला होता एक साल. (कोणता हे मी लिहित नाई.)

बाबाचा फोन पाह्यला. पॅचची तारीख 5 ऑगस्ट 2019. अपडेट दाबलं, म्हणते तुमचं सॉफ्टवेअर लेटेस्ट हाये. लेटेस्ट! म्हणजे तो भाचा खरा होता, त्याले फोन करून सांगतलं, तो आता जास्तच शायना होऊन राहिला.

लॅपटॉपवर एलएसपीसीआय टाकलं, खाली लिहून आलं रिअलटेक आरटीएल8723बीई. पोट्टीनं सांगतलं थेच. यूनेम टाकलं (कर्नलचा नंबर दाखवते थे) तर 4.15.0-20, आता तुम्हीच सांगा हे किती जुनं.

चांदूरची_पोट्टी:

दादा ते तर 18.04 आलं त्या दिवशीचं कर्नल आहे 😅 एप्रिल 2018 चं. 2019 ची दुरुस्ती उबंटूनं दिलेली आहे, तुम्ही फक्त घेतली नाही. रात्री अपडेट लावून द्या. अन तोच चिप ब्लूटूथपण करतो, तो बंदच करून टाका, ऑक्टोबर 2020 मध्ये गूगलच्या अँडी गुयेन यांनी लिनक्सच्या ब्लूटूथमध्ये ब्लीडिंगटूथ नावाची खराबी काढली होती, त्यात कर्नल 4.8 पासून पुढचे सगळे येत होते. फॉर्म भरायला ब्लूटूथ कशाला लागतो. अन 18.04 चा साधा सपोर्ट मे 2023 लाच संपला, म्हणजे जेवढं मिळेल तेवढं घ्या अन सुट्टीत त्या भाच्याला बसवून नवीन टाकून घ्या, त्यानंच टाकलं होतं ना, भोगू द्या त्याला.

कपाशीवाला_आर्णी:

चार दिवसानं लिहून राहिलो. लॅपटॉपचं सांगतो, रात्री साडेदहाले लावलं, शेजारच्या दवाखान्याचं वायफाय मागून घेतलं (कंपाउंडर मित्र हाये), दोन वाजता लाइन गेली, बॅटरी काय तर वीस मिनिटाची. सकाऊन परत लावलं, डीपीकेजी का काहीतरी तुटलं म्हणे, भाच्यानं फोनवरून दोन ओळी सांगतल्या, झालं. आता यूनेमले 4.15 च हाये पण समोरचा आकडा दोनशेच्या वर गेला. ब्लूटूथ बंद केला. पोट्ट्याईले फरक पडला नाई, त्याईले फक्त प्रिंट पाहिजे.

बाबाचं मातर अवघड गेलं. ब्लूटूथ बंद ठेवा म्हटलं तर म्हणते मग भजन कशावर लावू, तुह्या डोक्यावर? मंग स्पीकर उलटा करून पाह्यला तर त्याले ऑक्सचा खड्डा निघाला. बाजाराच्या दिवशी साठ रुपयाची वायर आणली. फोनाच्या हेडफोनच्या खड्ड्यात वायर जाईच ना, टॉर्च मारून पाहतो तर अंदर सगळा कापूस, खिशात राहून राहून दाबून भरलेला, पिनीनं काढला, चिमूटभर निघाला. आता वायरीवर चालते पण ट्रॅक्टर धुऱ्यावरून गेला का खर्रकन आवाज येते आन भजन तुटते. बाबा म्हणते तुह्या हॅकरपेक्षा हे खरखर जास्त तकलीप देऊन राहिली.

किडा_सेलू:

भाऊ मस्त काम केलं. एकच राहिलं, सेटिंगमध्ये लोकेशनच्या आत स्कॅनिंग म्हणून असते, तिथं ब्लूटूथ स्कॅनिंग चालू असला तर वरून बंद केलेला ब्लूटूथ बी अधूनमधून जागा होते. तो बी बंद करा. आयफोनवर बी तसंच आहे, वरून खाली ओढून जे बटन असते ते 2017 च्या आयओएस 11 पासून नुसतं जोडणी तोडते, ब्लूटूथ बंद करत नाही, बंद करायला सेटिंगमध्ये जा लागते.

संत्रेवाला_वरुड:

थांबा मी माह्या फोनचं पाहून येतो.

चालू होतं.

कपाशीवाला_आर्णी:

माह्या बाबाच्या फोनात बी चालू होतं, आताच बंद केलं. बाबा बाजूले बसून हाये, थे इचारून राहिले का पुढच्या साली ट्रॅक्टर बदलायचा इचार हाये, नव्या मॉडेलात ब्लूटूथ कंपनीकडूनच येते म्हणे मीटरच्या अंदर. फोन तर मी बदलून देईन दोन सालानं, ट्रॅक्टर पंधरा साल चालते. त्याचं अपडेट कोण करन?